गोळी, चहा आणि केसांच्या कॅप्सूल: हाशिमोटोचा टीएसएच का नाचतो

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, वजन ६४ किलो, घर घणसोलीला, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की हे चढतं) ८.२ आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी) ६४० आल्यावर हाशिमोटोचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते त्या आजाराचं, निदान झालं, थायरॉक्सिन या थायरॉईड हार्मोनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. आठ आठवड्यांनी टीएसएच ५.९, म्हणून गोळी ७५ ची झाली. पुढच्या सात आठवड्यांनी एकदम ०.२ आणि फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉईड हार्मोन) चढून २.३, म्हणून परत ५०. आता ७.४. मधल्या काळात केस गळतात म्हणून बायोटिन, शिवाय लोह, कॅल्शियम, सेलेनियम, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, घरात सैंधव मीठ आणि दोन महिने गहू बंद. विचारलंय ते असं, की आणखी काय खावं, काय सोडावं आणि कोणत्या तपासण्या करायच्या राहिल्या.

आणखी काही घेऊ नका. तुमच्या चार रिपोर्टांमध्ये आजाराची चाल जितकी दिसते त्यापेक्षा घड्याळाचा आणि बाटल्यांचा गोंधळ जास्त दिसतो. तो आधी निस्तरू, जेवणाकडे नंतर वळू.

सुरुवात त्या ०.२ पासून. टीएसएच ०.२ आणि फ्री टी-४ २.३ म्हणजे कागदावर थायरॉईड उतू चाललेली. पण तुम्ही त्याच पत्रात लिहिलंय की त्या दिवसांत धडधड नव्हती, हात थरथरत नव्हते, झोप भरपूर होती आणि वजन उलट दीड किलोने वाढलं. शरीर एक सांगतंय आणि कागद दुसरं, तेव्हा आधी कागदावर संशय घ्यावा. शिवाय गोळीचा हिशेब बघा. ग्रंथी पूर्ण निकामी झालेल्या माणसाला साधारण १.६ मायक्रोग्रॅम दर किलोमागे लागतात, म्हणजे ६४ किलोला शंभरच्या आसपास. ७५ वर तुम्ही इतक्या वर जाणं अशक्य नाही, पण पटणारंही नाही. आणि त्या तपासणीच्या वेळी केसांची बायोटिनची कॅप्सूल रोज चालू होती, १० मिलिग्रॅमची.

बायोटिनची माणसाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या घरात आहे. १० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशे पटीहून जास्त. त्याने तुमच्या ग्रंथीला काही होत नाही, होतं ते लॅबमधल्या यंत्राला. बऱ्याच यंत्रांमध्ये रक्तातला हार्मोन पकडून ठेवायला बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रथिनाची जोडी गोंदासारखी वापरतात. रक्तातच बायोटिनचा पूर असेल तर गोंदाच्या जागा तेच अडवून बसतं, खऱ्या मोजणीचा भाग धुऊन निघून जातो आणि यंत्राला सिग्नल कमी मिळतो. टीएसएचच्या पद्धतीत कमी सिग्नल म्हणजे कमी टीएसएच. फ्री टी-४ आणि फ्री टी-३ च्या पद्धतीत नेमकं उलट, तिथे कमी सिग्नल म्हणजे जास्त हार्मोन. एकाच कॅप्सूलने दोन्ही आकडे विरुद्ध दिशांना फसतात आणि जुळवून आणल्यासारखा अति-थायरॉईडचा रिपोर्ट तयार होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. सगळी यंत्रं फसत नाहीत, काही कंपन्यांनी पद्धत बदललीय, पण लॅबच्या खिडकीवर उभं राहून तुम्हाला ते कळणार नाही. म्हणून नियम सोपा ठेवा, रक्त देण्याआधी निदान दोन पूर्ण दिवस बायोटिन बंद. ‘हेअर, स्किन, नेल्स’ असं लिहिलेली गोड गमी, मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर यांच्या मागचं लेबलही वाचा, ते तिथेही असतं.

चौथ्या तपासणीच्या वेळी ती बाटली संपली होती, असं तुमच्याच तारखांवरून दिसतं. म्हणजे ७.४ हा बहुधा खरा आकडा आहे आणि मधला ०.२ बहुधा खोटा. खोट्या आकड्यावर डोस उतरवला गेला. यात डॉक्टरांची चूक काढू नका, केसांची गोळी हे औषध आहे असं कुणाला वाटत नाही आणि न विचारता कुणी सांगत नाही. पुढच्या भेटीत चारही रिपोर्ट, गोळ्या बदलल्याच्या तारखा आणि सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून न्या. यादी लिहून नेण्यापेक्षा बाटल्या नेणं बरं, कारण यादीत माणूस निम्म्या गोष्टी विसरतो.

आता घड्याळ. तुम्ही लिहिलंय, साडेपाचला उठून गोळी, दहा मिनिटांत चहा-बिस्किट, सव्वासहाला बाहेर, ट्रान्स-हार्बरने ठाणे, ऑफिसात पोहोचल्यावर नाश्ता आणि त्याबरोबर लोह आणि कॅल्शियम. थायरॉक्सिन रिकाम्या पोटीसुद्धा पूर्ण शोषलं जात नाही, साठ ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान जातं. वर दहा मिनिटांत दुधाचा चहा पडला की त्यातला आणखी वाटा वाया. किती वाया जाईल हे रोज वेगळं असतं, म्हणून आकडा नाचतो. रोज ठरलेलं थोडंसं वाया गेलं तर डोस वाढवून भरून काढता येतं. सोमवारी चहा, मंगळवारी गाडी चुकली म्हणून चहाच नाही, रविवारी आठला उठून गोळी आणि पोहे एकदम, अशा आठवड्याला कुठलाच डोस बसत नाही.

गोळीनंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर फक्त पाणी. पहाटेच्या गाडीवाल्यांना हे जमत नाही हे खरं, पण दोन वाटा आहेत. गोळीची बाटली आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवा, पहाटे पाणी भरायला किंवा लघवीला पहिल्यांदा जाग येईल तेव्हा गोळी घेऊन परत आडवं व्हा. नाहीतर रात्री झोपताना, शेवटच्या घासानंतर तीन तासांनी. रात्रीची गोळी सकाळच्या इतकीच चांगली बसते. ऐरोली-महापेच्या रात्रपाळीच्या लोकांना तर ती सोयीचीच, झोप दिवसा असली तरी चालतं, झोपण्याआधी पोट रिकामं हवं एवढंच. पण तुमचं जेवण पावणेदहाला होत असेल आणि अकराला झोप, तर ही वाट तुमची नाही. हळदीचं दूध किंवा इसबगोल रात्री घेणाऱ्यांचीही नाही.

लोह आणि कॅल्शियम गोळीपासून चार तास लांब. तुमच्या हिशेबात लोह दुपारी, जेवणाआधी तासभर, लिंबूपाण्याबरोबर आणि चहाशिवाय. कॅल्शियम, खरंच लागत असेल तर, रात्रीच्या जेवणात. कॅल्शियम लोहालाही अडवतं, एका घोटात घेतलं तर लोहाचा वाटा फुकट. ॲसिडिटीची पांढरी-गुलाबी पातळ औषधंही चार तास लांब. पँटोप्राझोलसारखी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर पोटातलं आम्ल कमी होतं आणि थायरॉक्सिनचा डोस वाढवावा लागू शकतो. ती गोळी डॉक्टरांच्या यादीत असू द्या, आणि कारण संपलं असेल तर बंद करण्याबद्दल विचारा.

बाटलीबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टात ही चूक घरोघर होते. थायरॉक्सिन ओलसरपणाला, उन्हाला आणि उजेडाला नाजूक आहे. मूळ बाटलीतच ठेवा, आतली कोरडेपणाची छोटी पुडी फेकू नका, महिन्याच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवू नका. बाथरूमचं कपाट, गॅसजवळचा कट्टा आणि मे महिन्यातली उभी गाडी या तिन्ही जागा वर्ज्य. कंपनी बदलू नका. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून दुसरी दिली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायचं, मग ‘तेच’ किती तेच आहे ते कळेल.

एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरायचं कारण नाही. या औषधाचं अर्धं रक्तातून जायला साधारण सात दिवस लागतात, एका दिवसाने काही कोसळत नाही. आठवलं तेव्हा, पोट रिकामं असताना घ्या. याच सात दिवसांमुळे डोस बदलल्यावर तीन आठवड्यांत तपासायला धावू नये. पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे आणि टीएसएचला मागोमाग यायला थोडा वेळ, म्हणून सहा ते आठ आठवडे.

तेव्हा आता काय? दोन गोष्टी एकदम बदलू नका. वेळ सुधारली आणि त्याच दिवशी डोसही वाढवला, तर दोन महिन्यांनी खरोखरच ०.२ येईल आणि कशामुळे ते कळणार नाही. माझा कल आधी वेळ सुधारून, ५० वरच आठ आठवडे राहून तपासण्याकडे आहे. त्रास जास्त असेल तर डॉक्टर आधीच ७५ करतील, तेही चूक नाही. अपवाद एकच, बाळाचा विचार चालू असेल तर थांबायचं नाही, डोस लगेच वाढवून घ्यायचा. त्याचं शेवटी सांगतो.

रक्त देण्याचा दिवस. टीएसएच रात्री चढतं, दिवसा उतरतं, नाश्त्यानंतर आणखी थोडं उतरतं. एकदा सकाळी सातला आणि एकदा संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दिलेलं रक्त शेजारी ठेवून तुलना करू नये. घरी येणाऱ्या माणसाला सातची वेळ द्या, गोळी रक्त दिल्यावर, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-४ फुगलेलं दिसतं. लॅब एकच ठेवा. डेंग्यू, मलेरिया, कोणताही मोठा ताप येऊन गेला असेल तर बरं झाल्यावर महिना-दीड महिना थांबा, आजारात आणि आजारातून उठताना टीएसएच खालीवर होतं.

मोठाल्या पॅकेजांची गरज नाही. टीएसएच आणि फ्री टी-४, झालं. पॅकेजात मिळणारे टोटल टी-३, टोटल टी-४ हे वाहक प्रथिनांबरोबर हलतात, गर्भनिरोधक गोळी चालू असेल किंवा गर्भारपण असेल तर वाढलेले दिसतात. रिव्हर्स टी-३ वर पैसे घालवू नका. अँटी-टीपीओ एकदा आलं, निदान झालं, विषय संपला. ते ६४० चं ४१० झालं म्हणून पेढे वाटू नयेत आणि ९०० झालं म्हणून रडू नये, त्यावरून गोळी ठरत नाही. ते कामाला येतं ते सुरुवातीला. इंग्लंडमधल्या व्हिकम गावच्या लोकांवर २० वर्षं पाळत ठेवली होती, त्यात टीएसएच थोडं चढलेलं आणि अँटीबॉडीही असलेल्या बायकांपैकी वर्षाला साधारण चार टक्के पूर्ण हायपोथायरॉईड (थायरॉईड हार्मोन कमी पडणं) होत गेल्या, नुसत्या अँटीबॉडी असलेल्या त्याच्या निम्म्या. तुमच्या सख्ख्या बहिणीने एकदा टीएसएच करून घ्यावं, ते या कारणासाठी. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी सर्जनने १९१२ मध्ये हा आजार नोंदवला तो चार बायकांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघून, रक्तातल्या अँटीबॉडीचा पत्ता पुढे चाळीसेक वर्षांनी लागला. सोनोग्राफीही दरवर्षी नको, गाठ हाताला लागत असेल किंवा मान एका बाजूला सुजली असेल तरच.

टीएसएचव्यतिरिक्त तुमच्या बाबतीत खरोखर कामाच्या तपासण्या अशा: सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी, उपाशी साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड आणि सीलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडीची तपासणी, सोबत टोटल आयजीए. लिपिडबद्दल एवढंच की टीएसएच चढलेलं असताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सहसा चढतं. आधी टीएसएच जागेवर आणा, मग पुन्हा मोजून कोलेस्टेरॉलच्या गोळीचं ठरवा.

फेरिटिन मी पहिल्या रांगेत ठेवतो. थायरॉईडचं हार्मोन बनवणारं टीपीओ हे एन्झाइम स्वतःच लोहावर चालतं. शिवाय हायपोथायरॉईडमध्ये पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह जातं, त्यातून थकवा आणि केस गळणं, आणि माणूस घेतो बायोटिन. हिमोग्लोबिन १२ असलं तरी फेरिटिन १० असू शकतं. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह भरून काढण्यासारखं आहे, आणि ते एक दिवसाआड घेतलं तर शोषलंही बरं जातं, पोटही कमी बिघडतं. ते न मोजता मल्टिव्हिटॅमिनच्या भरवशावर राहू नका.

बी-१२ शाकाहारी घरात आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांमध्ये कमी सापडतं. हाशिमोटोवाल्यांत आणखी एक कारण असतं, जठराच्या पेशींवरही अँटीबॉडी हल्ला करतात आणि बी-१२ शोषलंच जात नाही. गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल तर इंजेक्शनचा विचार. डी कमी असेल तर ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, जेवणाबरोबर. आठवड्याचं सॅशे रोजचं समजून घेतलेली आणि कॅल्शियम चढून इस्पितळात गेलेली माणसं आपल्याकडे आहेत. घरात कुणा वयस्कराला देत असाल तर कॅलेंडरवर खूण करा. कॅल्शियमची गोळी तुम्हाला कशासाठी दिलीय ते पत्रात कुठे दिसत नाही. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, वर दूध-दही-तीळ. विचारून बंद करता आली तर दिवसातली एक टक्कर वाचेल.

सेलेनियम. रोज २०० मायक्रोग्रॅम काही महिने दिल्यावर अँटीबॉडीचा आकडा उतरतो, हे अभ्यासांत दिसलंय. गोळी सुटली किंवा माणसाला बरं वाटलं, हे तितकं खात्रीने दिसलेलं नाही. आकड्यासाठी गोळी खायची का हे तुम्ही ठरवा, पण बेरीज करा. तुमच्या कॅप्सूलमध्ये २००, मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणखी काही, आणि वाशीच्या सुक्या मेव्याच्या दुकानातून आणलेले ब्राझील नट दिवसाला तीन. एका नटात किती असेल याचा भरवसा नसतो, पन्नासही असेल, नव्वदही. ४०० च्या वर रोज गेलं तर नखं तडकतात, श्वासाला लसणीसारखा वास येतो आणि केस गळतात. केसांसाठी घेतलेल्या गोष्टीने केस जावेत ही गंमत कुणाला परवडणार? नट बंद करा. खाडीकाठच्या बाजारात बांगडा मिळतो, अंडी मिळतात, त्यात सेलेनियम पुरेसं आहे.

शेवाळाच्या कॅप्सूल आजच बंद. त्यात आयोडीन बेसुमार असतं आणि बाटलीगणिक वेगळं. निरोगी ग्रंथी आयोडीनचा लोंढा आला की काही दिवस काम आवरतं घेते आणि पुन्हा सुरू होते. हाशिमोटोची ग्रंथी ते आवरलेलं काम बऱ्याचदा पुन्हा सुरूच करत नाही. तुमच्या ७.४ मध्ये याचाही वाटा असू शकतो. आता गंमत अशी की एका हाताने तुम्ही आयोडीन ओतलंत आणि दुसऱ्या हाताने सैंधव आणून काढून घेतलंत. साध्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला पाच ते आठ ग्रॅम मीठ खाल्लं तर ७५ ते १२०. उरलेलं दूध, अंडी आणि मासळीतून येतं आणि मोठ्या माणसाची १५० ची गरज भागते. एकादशीला, नवरात्रात सैंधव खाल्लं तर काही बिघडत नाही. पण श्रावणात मासळी बंद, घरात बारा महिने सैंधव, वर दूधही सोडलेलं, अशा घरातल्या पोरीबाळींना आयोडीन कमी पडू शकतं. साधं मीठ परत आणा, बरणी झाकून ठेवा.

गव्हाबद्दल नीट ऐका. हाशिमोटोवाल्यांमध्ये सीलिॲक आजार इतरांपेक्षा जास्त सापडतो, आणि ज्याला तो आहे त्याला गहू कायमचा, काटेकोर बंद. बाकीच्यांना गहू सोडून थायरॉईड सुधारतं याला भक्कम आधार नाही. पंचाईत ही की तुम्ही न तपासता गहू सोडलात, आता टीटीजी केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तपासायचं असेल तर किमान सहा आठवडे, दिवसातून दोनदा पोळी खा, मग रक्त द्या. डोस वाढवत नेला तरी टीएसएच उतरत नाही, लोह भरत नाही, पोट सतत बिघडलेलं, असं असेल तर ही तपासणी टाळू नका. आणि सीलिॲक निघालाच तर नुसती भाकरी पुरत नाही. गिरणीत आपल्या ज्वारीच्या आधी कुणाचातरी गहू दळलेला असतो. बाजारातल्या बहुतेक हिंगात मैदा असतो. तपासणी निगेटिव्ह आली तर पोळी-भाकरी जे आवडेल ते खा.

कोबी-फ्लॉवर शिजवून खा, आठवड्यातून चारदा खा, काही होत नाही. या भाज्यांनी थायरॉईड बुडाल्याचं जे उदाहरण वैद्यकीय साहित्यात गाजलं ते ८८ वर्षांच्या बाईंचं, त्या महिनोन्‌महिने रोज किलो-दीड किलो कच्चा चिनी कोबी खात होत्या. सासूबाईंना हे सांगून बघा. बाजरीत थायरॉईडला अडवणारी द्रव्यं आहेत, पण त्रास दिसला तो सुदानच्या दारफुरमध्ये, जिथे आयोडीन कमी आणि ताटात मुख्यतः बाजरीच. थंडीतली तुमची बाजरीची भाकरी आणि तिळकूट सुखाने खा. सोयाचे चंक्स गोळीपासून चार तास दूर, बाकी बंदी नाही.

अश्वगंधा थायरॉईड हार्मोन वाढवू शकते, तीमुळे अति-थायरॉईड झाल्याच्या नोंदी आहेत. गोळीबरोबर चालू असेल तर टीएसएचचा अर्थ लावता येत नाही. ‘थायरॉईड सपोर्ट’ नावाच्या ऑनलाइन बाटल्यांपैकी काहींमध्ये तपासणीत चक्क थायरॉईड हार्मोन सापडलेलं आहे.

वजनाबद्दल विचारलं नाहीत, पण मनात असणार. हायपोथायरॉईडमुळे वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, त्यातही बरंच पाणी आणि मीठ. त्यापलीकडचं वजन गोळीने उतरणार नाही, आणि उतरवायला गोळी वाढवली तर हृदयाची लय बिघडते, हाडं झिजतात.

गोळी चालू असूनही खूप अशक्तपणा, उभं राहिल्यावर चक्कर, उलट्या, मिठाची ओढ आणि त्वचा काळवंडत असेल तर सकाळी आठचं कॉर्टिसोल करून घ्या. कॉर्टिसोल हे हार्मोन बनवणारी, मूत्रपिंडांवरची ॲड्रिनल ग्रंथीही याच कुळातल्या आजारात सापडू शकते, आणि ती कोरडी असताना थायरॉक्सिन वाढवणं धोक्याचं. मानेची सूज काही आठवड्यांत झपाट्याने वाढली किंवा आवाज बसला तर वाट बघू नका.

बाळाचं. आधीपासून टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवायचं. दिवस गेल्याचं चाचणीत दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि सहसा आठवड्याला सातच्या जागी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट. शेवटची पाळी येऊन चार-पाच आठवडेच झालेले असतात, पण बाळाची ग्रंथी अजून काम करत नाही, सगळं तुमच्याकडून जातं. अर्ध्या वाटेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. बाळंतपणानंतर आधीचा डोस आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. गर्भारपणातल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांना तोच चार तासांचा नियम, आणि त्या गोळ्या तिथे सक्तीच्या असतात, म्हणून उशाशी ठेवलेली बाटली तेव्हाही तिथेच राहू द्या.